धाकट्यांची टेकडी

गुहागर, २२ ऑगस्ट २०२५

निहारिके,

आशीर्वाद आहेतच, संपत आले की कळवीन.

हा ईमेल मी एका बोटाने लिहितो आहे, त्यामुळे यातला प्रत्येक शब्द विचार करून टाकलेला आहे असं समज. फोन करत नाही, कारण फोनवर मला कमी ऐकू येतं आणि तुला कमी ऐकायचं असतं. घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सोडला हे तुला ठाऊक आहे. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार चिकटवून पाठवणाऱ्या नातेवाइकांत मला म्हातारं व्हायचं नाही.

विषय असा. ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागतो. तुझ्या वडिलांची, कमलाकररावांची, तिथी दशमी. ती यंदा १६ तारखेला. ते तुझ्याकडे सिंगापूर बघायला आले आणि तिथेच गेले, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत तू एकदाही त्यांचं पान वाढलं नाहीस. मुलीने केलं तरी चालतं, मी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली आहे. गवारीची भाजी, भोपळा, आमसुलाची चटणी, खीर आणि वडे. यातलं काही तुमच्याकडे मिळत नसेल तर सबब म्हणून कळवू नकोस, पाठवायला पत्ता कळव.

तुझी आई तुझ्याच घरात आहे, पण माझ्या बहिणीला सांगण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षं त्या नास्तिकाशी संसार करून ती पार बिघडली आहे.

चंद्रशेखरमामा

सेरंगून, सिंगापूर, २५ ऑगस्ट

मामा,

नमस्कार. वाकून केलाय, कंबर दुखते आहे.

बाबांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "माझ्यासाठी कावळ्याच्या विनवण्या करायच्या नाहीत." शिवाय इथे कावळ्याला घास ठेवला तर दंड होतो. खरंच होतो, रानातल्या पाखरांना खायला घालणं कायद्याने बंद आहे. बाबा इथे आल्यावर दंडाच्या पाट्या वाचत हिंडायचे आणि खो खो हसायचे. मेल्यावर त्यांच्यापायी मला दंड झाला तर त्यांना केवढा आनंद होईल, याचा विचार कर. आई म्हणते, शेखरला वडे खायचे असतील तर तसं सरळ बोल म्हणावं.

आता तुला एक खमंग बातमी देते. नावं सांगायला बँकेची बंदी आहे, म्हणून विकणाऱ्यांना थोरले म्हणू आणि घेणाऱ्यांना धाकटे.

धाकटे म्हणजे पॅसिफिक समुद्रातलं एक चिमुकलं राष्ट्र. ते स्वतंत्र झालं तेव्हा मी शाळेत होते, म्हणजे अख्खा देश माझ्यापेक्षा लहान. थोरले म्हणजे युरोपातला एक देश. त्यांनी एके काळी तिथली सगळी बेटं उचलली, आणि जाताना एक परत ठेवायला विसरले. तेच बेट आता धाकट्यांना विकत हवं आहे. ज्याने उचललं त्याच्याकडूनच रोख देऊन घ्यायचं, याला आमच्या कागदपत्रांत "ऐतिहासिक मैत्रीचा नवा अध्याय" म्हटलंय. बेटावर काय आहे, तर एक टेकडी, एक पडकं हवामान केंद्र आणि रानटी झालेल्या बोकडांचा कळप.

दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून पैसे मध्ये आमच्याकडे ठेवायचे आणि सही झाली की आम्ही सोडायचे. ते काम चांगी बिझनेस पार्कमधल्या माझ्या टेबलावर आलंय. सही सिंगापूरला, ११ सप्टेंबरला. बेट कशाला हवंय, या रकान्यात धाकट्यांनी "सामुदायिक उपयोग" लिहिलंय, म्हणजे रिसॉर्ट असणार.

तर उघड तुझं पंचांग. दोन राष्ट्रांचे किती गुण जुळतात?

निहारिका

गुहागर, २९ ऑगस्ट

निहे,

गणपतीची गडबड होती म्हणून उशीर. एकवीस मोदकांपैकी किती मी खाल्ले हे विचारू नकोस.

११ सप्टेंबर? पक्षात? अगं, पितृपक्षात आम्ही केरसुणी विकत आणत नाही आणि तुम्ही देश घ्यायला निघालात. आमच्या शेजारच्या चारुदत्तने पक्षात स्कूटर घेतली होती. तो तिच्यावर बसला कमी आणि तिला ढकललं जास्त. ही तर जमीन. जमीन एकदा रुसली की सात पिढ्या रुसते.

मी बसून नीट पाहिलं आहे. २ ऑक्टोबरला दसरा. साडेतीन मुहूर्तांतला अख्खा एक, दुसरं काही बघायलाच नको. सीमोल्लंघनाचा दिवस, त्या दिवशी राष्ट्राने सीमा ओलांडून जमीन घ्यावी, याहून बरं काय असणार? तुझ्या साहेबांना माझं नाव सांग. दक्षिणा नको.

पानाचं काय ठरलं? विषय बदललास म्हणून मी विसरलो असं समजू नकोस. विम्याची एजंटगिरी करून मी आयुष्य काढलं आहे. माणूस विषय कधी बदलतो ते मला कळतं.

मामा

सेरंगून, ३ सप्टेंबर

मामा,

बसला असशील तर बसूनच राहा.

परवा हॉकर सेंटरला जेवताना मी तुझी केरसुणी माझ्या साहेबीणबाईंना सांगितली. ग्वी मॅडम, इथल्याच चिनी, बँकेत तीस वर्षं काढलेल्या, त्यांच्या एका नजरेत पोरं फाइल सोडून पळतात. मी गंमत म्हणून सांगत होते. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यात पण?"

तर यांचाही सध्या भुतांचा महिना चालू आहे. या महिन्यात मेलेली माणसं मोकळी सुटतात, म्हणून घर घ्यायचं नाही, लग्न करायचं नाही, मोठी सही तर नाहीच नाही. बाईंना ११ तारीख आधीपासून खुपत होती, पण बोलायची चोरी. आणि योगायोग बघ, यंदा त्यांची भुतं आणि आपले पितर एकाच अमावस्येला, २१ तारखेला, परत जातात. दोन संस्कृतींचं एकमत झाल्यावर बँकेची काय टाप? दुपारी तीनपर्यंत "दिनदर्शिकाविषयक कारणांमुळे" सही २ ऑक्टोबरला गेली.

थोरले खूश झाले. ते ऑगस्टभर सुट्टीवर होते आणि आता सुट्टीचा थकवा काढतायत. धाकट्यांकडून एका ओळीचं उत्तर आलं, "समजले. आभारी आहोत." फारच गरीब माणसं आहेत.

म्हणजे तू, चंद्रशेखर, मुक्काम गुहागर, दोन देशांचा मुहूर्त काढलास. आमची लेक ऋग्वेदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मामाआजोबा सो पॉवरफुल, लाह."

निहारिका

गुहागर, ४ सप्टेंबर

निहे,

वाचनालयात सर्वांना सांगितलं. नावं फोडली नाहीत, मला माहीतच नाहीत. तरी दोघांनी मुलींच्या पत्रिका आणून दिल्या.

कमलाकरराव असायला हवे होते. तोंड बघायला मिळालं असतं.

मामा

सेरंगून, ८ सप्टेंबर

मामा,

आज पितृपक्षाचा पहिला दिवस, आणि मला तुझ्यावर ओरडायचं आहे. फोनवर ऐकू येणार नाही म्हणून लिहिते.

शुक्रवारी धाकट्यांच्या मंत्रीणबाई न कळवता इथे येऊन थडकल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, अंगात फुलाफुलांचा झगा, पायांत साध्या चपला. ग्वी मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शनिवार-रविवार यांना फिरव, खूश ठेव आणि तारखेचा विषय काढू देऊ नकोस." मी त्यांना विचारलं, कुठे जायचं, मोठा मॉल बघायचा का? म्हणाल्या, "जिथे सिमेंट नाही तिथे ने."

म्हणून काल बमबोटीत, म्हणजे इथल्या लाकडी मोटरहोडीत, बसून पुलाउ उबीन बेटावर गेलो. ऋग्वेदा सायकलच्या लोभाने आली. जुनी लाकडी घरं, कोंबड्या, फणस, तुला आवडेल असं गाव आहे. एका चढावर झाडीत जुनी थडगी दिसली, तिथे मंत्रीणबाई थांबल्या. खाली समुद्राकडे बघितलं, मग थडग्यांकडे, मग माझ्याकडे. "हे पाण्यापासून किती उंच?" मी म्हटलं, मोजलं नाही, पण पुरेसं असेल. "पुरेसं," त्या म्हणाल्या, आणि तिथेच गवतात बसल्या.

मामा, रिसॉर्ट नाहीये. धाकट्यांच्या देशात टेकडीच नाही. माडापेक्षा उंच काही नाही, आणि समुद्र दरवर्षी थोडा आत येतो. जिवंत माणसं हळूहळू बाहेर पडतायत, कुणाला वर्क पास मिळतो, कुणाला स्टुडंट पास. "मेलेल्यांना कुठलाच देश पास देत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून त्यांच्यासाठी बेट घेतोय. टेकडीसकट."

ते बेट घेतायत ते स्मशानासाठी. आणि सही होईपर्यंत थोरले तिथे एक हाडूक उतरवू देत नाहीत, आरोग्याचे नियम आहेत म्हणे. येत्या अमावस्येची भरती वर्षातली सगळ्यात मोठी. ११ ला सही झाली असती तर सगळ्यांना हलवायला जेमतेम वेळ होता. त्यातून त्यांची एक रीत आहे, नव्या जमिनीवर सगळ्यात जुन्यांनी आधी उतरायचं, नव्यांनी मागून. जुनी थडगी आत, चर्चपाशी. नवी जिथे जागा उरली तिथे, किनाऱ्याला. मंत्रीणबाईंची आई दोन वर्षांमागे गेली. म्हणजे जायला सगळ्यात शेवटची आणि पाण्याला सगळ्यात जवळची.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? "घेणारा घाईत आहे हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं," त्या म्हणाल्या. तारीख का पुढे गेली, ते त्यांनी विचारलं. बँकेचं काहीतरी होतं, असं मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "तुमचे कुठे आहेत?" मी नावासकट सांगितलं, बाबांना इथेच अग्नी दिला आणि राख होडीतून समुद्रात सोडली. "तुम्ही? स्वतः?" हो म्हटलं, होडीचं भाडं भरून. "आम्ही आमच्या माणसांना समुद्रापासून वाचवायला जमीन घेतोय आणि तुम्ही नेऊन देता?" ऋग्वेदा म्हणाली, "आजोबा लाइक्ड स्विमिंग, लाह." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आता सांग, काय करू? ग्वी मॅडम अमावस्येआधी पेनाला हात लावणार नाहीत. काडी तू लावलीस आणि फुंकर मी घातली. तुझ्या पंचांगात विझवायचा मुहूर्त आहे का?

निहारिका

गुहागर, ९ सप्टेंबर

निहारिका,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा माझा.

जन्म समुद्रासमोर गेला माझा. सर्वपित्रीच्या उधाणाने आमच्या कुंपणातले माड नेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बेट म्हटल्यावर, अमावस्या म्हटल्यावर, ते डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी मुहूर्त काढून शहाणा होण्यात गुंतलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता नीट ऐक. पक्षात आपण नवी वस्तू घेत नाही, ती का? दिवस वाईट असतात म्हणून नव्हे. तो पंधरवडा त्यांचा असतो, म्हणून. त्या दिवसांत आपली हौस बाजूला ठेवायची आणि त्यांचं करायचं, इतकाच त्याचा अर्थ. मग त्यांच्यासाठीच जागा घ्यायची असेल तर याहून चांगला पंधरवडा वर्षात सापडायचा नाही. हे मला २९ ऑगस्टलाही ठाऊक होतं. पण कशासाठी घेतायत हे तू विचारलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. रिसॉर्ट समजून आपण दोघंही मोकळे झालो.

तुझ्या ग्वी मॅडमचं शास्त्र मला येत नाही. पण या महिन्यात त्या स्वतः काय करतात ते जाऊन बघ. मेलेल्यांना भिणारा माणूस त्यांच्यासाठी ताटही वाढतोच. त्यांच्या भीतीशी भांडू नकोस, ताटाबद्दल बोल.

कमलाकरराव असते तर म्हणाले असते, "शेखर, तुझ्या पंचांगाने आजवर लग्नं बुडवली, आता परराष्ट्र खातंही बुडवलंस." आणि मी तासभर भांडलो असतो. तीन वर्षांत मला असं कुणी बोललेलं नाही. फार चुकल्यासारखं वाटतं.

मामा

सेरंगून, १७ सप्टेंबर

मामा,

झालं. काल, दशमीला, सही झाली.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ग्वी मॅडमच्या बिल्डिंगखाली जाऊन उभी राहिले. इथे या महिन्यात लोक कागदाच्या वस्तू जाळतात, त्या वर पोचतात म्हणून. मॅडमनी वडिलांसाठी कागदी बंगला आणला होता. दोन मजली, गाडीसकट, गाडीत ड्रायव्हर. मी विचारलं, एवढा मोठा? म्हणाल्या, "जन्मभर एका खोलीत आठ जणांत राहिले. म्हणून दरवर्षी बंगला पाठवते." मी म्हटलं, मॅडम, धाकटेही हेच करतायत. त्यांचा बंगला कागदाचा नाही, एवढाच फरक, आणि तुम्ही पेन उचललंत तरच तो पोचेल. मग त्यांना सगळं सांगितलं. त्या ड्रायव्हर जळून जाईपर्यंत बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर त्या फोनवर थोरल्यांच्या वकिलाची सुट्टी संपवत होत्या.

वकील अडून बसला बोकडांवर. बोकडांची मोजदाद झाल्याशिवाय सही नाही, ते त्यांच्या देशाची मालमत्ता आहेत म्हणे. यात दिवसांमागून दिवस गेले, मामा. शेवटी मला तुझ्या आंब्याच्या बागेचं खरेदीखत आठवलं, जे तू दर मे महिन्यात आम्हाला आंब्याआधी वाचून दाखवायचास. "झाडझाडोरा, दगडधोंडे, पाणीपाषाण, जे काही असेल त्यासह." तेच गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत लिहून पुढे सरकवलं. वकिलाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, किती देखणी भाषा आहे. बोकड आता "जे काही असेल" यात आहेत.

मंत्रीणबाईंनी सही केली आणि लगेच फोन लावला. त्यांच्या होड्या थोरल्यांच्या हद्दीबाहेर आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांचा सगळ्यात जुना पूर्वज काल संध्याकाळी टेकडीवर पोचला. त्या रडत नव्हत्या. मी रडत होते, ते वकिलाला आवडलं नाही.

त्यांना खरं काय ते मी सांगून टाकलं, तुझ्या केरसुणीसकट. म्हणाल्या, "म्हणजे तुमचे लोकही त्यांना भितात. बरं आहे. पण तुझा मामा मला एक बोकड देणं लागतो." मी म्हटलं, मामा शाकाहारी आहे. "मग त्याने बोकड पाळावा," त्या म्हणाल्या. दंड कायम आहे.

आणि हो. घरी येऊन बाबांचं पान वाढलं. गवार लिटिल इंडियातून आणली. कावळ्याला नाही ठेवलं, टेबलावर बाबांच्या खुर्चीसमोर ठेवलं. आई म्हणाली, "यांना गवार आवडत नव्हती." मग त्या खुर्चीवर बसून तिनेच सगळं खाल्लं, आणि पुसून लख्ख केलेलं ताट बराच वेळ हातात धरून बसली.

निहारिका

गुहागर, २१ सप्टेंबर, सर्वपित्री

निहे,

आज सकाळी किनाऱ्यावर तर्पण केलं. आमच्या घरचे झाले, कमलाकरराव झाले, मग मी भटजींना थांबवलं. म्हटलं, अजून एक गाव आहे. नावं माहीत नाहीत, गोत्र माहीत नाही. ते म्हणाले, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणायचं. तेव्हा तुझ्या धाकट्यांचं सगळं स्मशान मी काश्यप गोत्रात घेतलं. मंत्रीणबाईंच्या आईला वेगळी ओंजळ दिली. भटजींनी विचारलं, लोक कुठले? मी म्हटलं, भाचीच्या ऑफिसातले.

पाणी आज आमचा बांध ओलांडून आत आलं, माडाच्या बुंध्यापर्यंत. मी तिथेच उभा आहे आणि उभ्यानेच लिहितो आहे. तिकडे काय झालं ते लवकर कळव. वाईट असलं तरी कळव.

मामा

सेरंगून, २ ऑक्टोबर

मामा,

तुझा दसऱ्याचा मुहूर्त आज आहे. आज सही झाली असती तर हलवायला कुणीच उरलं नसतं, हे आधी सांगते, कारण पुढचं वाईट आहे.

आतली सगळी थडगी टेकडीवर पोचली. जुनी माणसं, त्यांची मुलं, नातवंडं, रीतीप्रमाणे क्रमाने. शेवटची रांग २१ ला सकाळी निघायची होती. वारा सुटला, होडी किनाऱ्याला लागेना. भरतीने ती रांग नेली आणि पाणी पार चर्चपर्यंत गेलं. मंत्रीणबाईंची आई त्यात होती.

पाच दिवस, मामा. ११ आणि १६ मधले. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले. ग्वी मॅडम बाहेर टिश्यू घेऊन उभ्या होत्या, त्यांचेही डोळे लाल होते.

आज मंत्रीणबाईंचा फोन आला. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "रीत मोडून आईला आधी नेता आलं असतं. मी मंत्री आहे, कुणी अडवलं नसतं. पण तीच उठून बसली असती आणि मला मारलं असतं." मग त्यांनी एक फोटो पाठवला. टेकडीच्या माथ्यावर, समुद्राकडे तोंड करून, दगडांची एक रांग. खाली कुणी नाही, नुसते दगड, समुद्राने नेलेल्यांचे. त्यांच्या आईचा दगड आहे. त्याच्या शेजारच्या दगडावर लिहिलंय, कमलाकर.

मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "तुझे वडील समुद्रात आधीपासून आहेत ना? आईला तिथे ओळखीचं कुणी नाही. ते बोलके होते का?"

मी म्हटलं, फार.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या.

निहारिका

गुहागर, ३ ऑक्टोबर

निहे,

ते पाच दिवस एकटीने उरावर घेऊ नकोस. निम्मे माझे आहेत, आणि वय बघता मोठा निम्मा माझा.

बोकड आणला आहे. दिवसभर ओरडतो आणि मी जे बोलेन त्याला विरोध करतो. पंचांगाचं भाद्रपदाचं पान त्याने खाल्लं. मी अडवलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला. जन्मभर भाड्याच्या जागेत राहिलेला माणूस. एक गुंठा घ्या म्हणून मी किती मागे लागलो, तर म्हणायचे, "मेल्यावर माझी जमीन तू कसशील का?" आता दोन देशांनी सह्या करून घेतलेल्या टेकडीवर त्यांच्या नावाचा दगड आहे, वर समुद्राचा देखावा. आणि सगळा गाव श्रद्धाळू. नास्तिकाची अशी सोय कुणी केली नसेल. मी खूप हसलो, मग बोकडाला धरून बसलो.

एक काम कर. मंत्रीणबाईंना तू "फार" एवढंच सांगितलंस, ते पुरेसं नाही. त्यांना कळव की कमलाकरराव एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. आईंना उत्तर सुचलं नाही तर नुसतं "हं" म्हणावं, त्यांना तेवढं पुरतं. चाळीस वर्षं मी तेच करत होतो. अजूनही केलं असतं.

मामा